औषधाचे मूळ नाव आणि बाजारातील नाव

आपल्या न्यासाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहावे, अशी चालकांची सूचना आली, तेव्हा विषय निवडावयास आम्हांस फारसा वेळ लागला नाही. गरजू रुग्णांस न्यासातर्फे जे औषधसाहाय्य देण्यात येते, त्याच्या पावत्या चाळताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस आली आहे. एकाच घटकाची, एकाच वजनाची गोळी एक रुग्ण ज्या किमतीस आणतो, त्याच्या कितीतरी पट किंमत दुसरा रुग्ण त्याच गोळीसाठी मोजतो. फरक असतो तो पाकिटावरील नावाचा. या नावांच्या घोटाळ्यात केवळ पैसा जातो असेही नाही. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून या विषयाची चार अक्षरे वाचकांपुढे ठेवावीत, असे आम्ही ठरविले.

आरंभी एक घडलेली हकीकत सांगतो. कमलनगरकडील एका खेड्यातील सत्तरीच्या आजी. मधुमेह जुना. उदगीर जवळ, भाषा आपली, म्हणून त्यांचे औषध तिकडील डॉक्टरांचे. पुढे त्या बिदरला लेकीकडे राहावयास आल्या, तेथे चक्कर आली म्हणून लेकीने दुसऱ्या डॉक्टरांस दाखविले. त्यांनी साखर तपासून चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर नवे नाव, पाकीट नव्या रंगाचे. आजींनी जुनी गोळी सोडली नाही आणि नवीही सुरू केली. चौथ्या दिवशी पहाटे त्या अंथरुणात घामाने निथळत, बेशुद्ध अशा सापडल्या. इस्पितळात शिरेतून साखर दिल्यावर त्या सावध झाल्या, पण साखर पुन्हा पुन्हा उतरत राहिल्याने दोन दिवस तेथे काढावे लागले. आम्ही दोन्ही पाकिटे ताडून पाहिली, तो दोहोंतही ग्लिमेपिराइड हेच औषध, दोन्ही दोन-दोन मिलिग्रॅमचे! आजींस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "एका गोळीनं भागत नसंल म्हणून दुसरी दिली असंल, असं वाटलं बघा, डॉक्टरसाहेब. नावं तर येगळी हाईत की."

आजींचे यात काही चुकले, असे आम्हांस वाटत नाही. नावे वेगळी असल्यास वस्तू वेगळी, असे कोणीही समजेल. दोन्ही डॉक्टरांनी दिलेले औषधही आपापल्या जागी योग्यच होते. चूक झाली ती अशी की, दोहोंचे मूळ नाव एकच आहे, हे त्या घरातील कोणास ठाऊक नव्हते.

आपल्या सीमाभागात हा धोका विशेष आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा मुंबई राज्याकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. कागदावर रेघ पडली. रुग्णांची ये-जा काही थांबली नाही. औराद-कमलनगरचा रुग्ण उदगीरला व लातूरला जातो. बसवकल्याणचा उमरग्यास जातो. आळंद-अफझलपूरचा सोलापूर गाठतो. आजार मोठा असला की सगळेच हैदराबादचा रस्ता धरतात. तीन राज्यांतील डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत असतात. एका गावच्या दुकानी चालणारे व्यापारी नाव पन्नास मैलांवरच्या दुकानी मिळतेच असे नाही. घरात मराठी, कन्नड, उर्दू वाचणारी माणसे असली, तरी पाकिटावरील बारीक अक्षरे बहुधा इंग्रजी. अशा स्थितीत रुग्णाचा एकच खरा सोबती राहतो, आणि तो म्हणजे औषधाचे मूळ नाव. ते उदगीरला जे आहे तेच बिदरला आहे, आणि हैदराबादलाही तेच आहे.

दोन नावे कोणती?

प्रत्येक औषधास निदान दोन नावे असतात. पहिले, त्यातील गुणकारी द्रव्याचे. यास शास्त्रीय, मूळ किंवा जेनेरिक नाव म्हणतात. ही नावे जगभर एकच असावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1950 साली योजना आखली व 1953 मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. हे नाव कोणाच्याही मालकीचे नसते. दुसरे नाव व्यापारी. ते कंपनीने आपल्या मालास दिलेले असते व त्यावर तिचा हक्क असतो. ताप-अंगदुखीवरील पॅरासिटामॉल हे मूळ नाव; क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही त्याचीच व्यापारी नावे. वाचकांपैकी किती जणांस ही तीन औषधे वेगवेगळी वाटत होती, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

मूळ नावांत आणखी एक सोय आहे. माणसास जसे आडनाव, तसे औषधांच्या कुळास शेवटचे अक्षर-बंध असतात. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही "प्रिल" कुळातील; टेल्मिसार्टन, लोसार्टन ही "सार्टन" कुळातील; अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही "ओलॉल" कुळातील. पित्तावरील ओमेप्राझोल व पॅन्टोप्राझोल एका घरची, तर कोलेस्टेरॉलवरील "स्टॅटिन" दुसऱ्या घरची. आपल्या पिशवीत एकाच आडनावाची दोन औषधे निघाली, तर दोन्ही घ्यावयाची आहेत काय, असे डॉक्टरांस अवश्य विचारावे. एवढे ज्ञान कमलनगरच्या त्या घरी असते, तर पुढचा प्रसंग टळता. व्यापारी नावावरून मात्र असा कोणताही बोध होत नाही. ते लक्षात राहावे आणि खपावे एवढ्यासाठीच योजलेले असते.

किंमत का वाढते?

नवे औषध शोधणाऱ्या कंपनीस काही वर्षे पेटंटचा हक्क मिळतो. तो संपला की इतरांनाही ते औषध करता येते. आपल्या देशात 1970 चा पेटंट कायदा 1972 पासून अंमलात आला. त्यात औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या कृतीवर पेटंट दिले जाई. त्यामुळे निराळ्या कृतीने तेच द्रव्य तयार करणारे देशी कारखाने उभे राहिले व औषधे स्वस्त झाली. 2005 पासून द्रव्यावरही पेटंट मिळू लागले. तथापि आपल्या घरोघरी लागणारी रक्तदाबाची, मधुमेहाची, पित्ताची बहुतेक औषधे जुनीच असून त्यांचे पेटंट केव्हाच संपलेले आहे.

मग स्वस्ताई रुग्णाच्या पदरी का पडत नाही? कारण आपल्याकडे पेटंट संपलेले औषधही प्रत्येक कंपनी स्वतःच्या व्यापारी नावाने विकते. ते नाव डॉक्टरांच्या लेखणीवर चढावे म्हणून प्रतिनिधी फिरतात, नमुने वाटले जातात, जाहिरात होते, आणि तो सगळा खर्च शेवटी पाकिटाच्या किमतीत येऊन बसतो. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. पण त्या ठरविताना बाजारातील प्रमुख मालांच्या किमतींचीच सरासरी धरण्यात येते. त्यामुळे बाजार महाग असल्यास मर्यादाही वरच राहते.

येथे आणखी एका फसगतीबद्दल सावध केले पाहिजे. काही कंपन्या जाहिरात न करता थेट दुकानदारांस स्वस्तात माल देतात, परंतु पाकिटावर छापील किंमत मात्र मोठीच असते. अशा मालास बाजारात जेनेरिकच म्हणतात. तेथे स्वस्ताईचा लाभ दुकानदारास होतो, रुग्णास होईलच असे नाही. म्हणून केवळ "जेनेरिक द्या" असे म्हणून भागत नाही; किंमत विचारून, दोन ठिकाणी ताडून पाहावी लागते.

या नावांच्या बाजारावर उपाय सुचला नाही असे नाही. 1974 साली जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने 1975 च्या अहवालात व्यापारी नावे क्रमाक्रमाने काढून टाकावीत, अशी शिफारस केली. 1978 च्या औषध धोरणात अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅनाल्जिन, फेरस सल्फेट, क्लोरप्रोमाझिन व पायपेराझिन या पाच औषधांपुरता आरंभ करावयाचे ठरले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तो आरंभही बारगळला. 2016 साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम केला. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याहून कडक नियम काढले, पण डॉक्टरांच्या विरोधामुळे तीन आठवड्यांतच ते स्थगित झाले.

डॉक्टरांची शंका

हा विरोध केवळ स्वार्थाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आम्हीही चिठ्ठ्या लिहितो, आणि एक शंका आम्हांसही सतावते. डॉक्टरने व्यापारी नाव लिहिले, तर कोणत्या कारखान्याचा माल द्यावयाचा हे तो ठरवितो व रुग्णास गुण न आल्यास त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. नुसते मूळ नाव लिहिल्यास ती निवड दुकानदाराच्या हाती जाते. दुकानदाराने ज्यात नफा अधिक तो माल दिला तर?

शंका रास्त आहे, कारण औषध निकृष्ट असू शकते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली ग्लिसेरॉलमध्ये विषारी द्रव्याची भेसळ निघून 14 रुग्ण दगावले; त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. आपल्याच कल्याण कर्नाटकात, बळ्ळारीस, नोव्हेंबर 2024 मध्ये शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या काही माउल्या दगावल्या व सरकारी पुरवठ्यातील सलाईनवर संशय आला. असे प्रसंग आठवले की स्वस्त औषधाविषयी मन साशंक होते, यात नवल नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्या बाटलीवर व्यापारी नाव होते, चिठ्ठीवरही तेच होते. नावाने त्या लेकरांचे रक्षण केले नाही. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा" ही म्हण औषधांसही लागू पडते. आपल्या बिदरशी निगडित असलेली दामाजीपंतांची कथा सर्वांस ठाऊक आहे. विठोबा विठूच्या वेषात दरबारी आला, तेव्हा दरबाराने त्याचे नाव तपासले नाही. धान्याचे दाम मोजून घेतले व रसीद दिली. औषधाच्या बाबतीत हे दाम मोजून घेण्याचे काम सरकारी तपासणीचे आहे. 2017 पासून काही वर्गांतील औषधांच्या नव्या परवान्यासाठी, ते मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते, हे सिद्ध करणे आवश्यक झाले. जनऔषधी योजनेतील माल प्रत्येक खेपेस मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच वितरित केला जातो, असे तिचे चालक सांगतात. तमिळनाडूने 1994 साली स्वतंत्र महामंडळ काढून मूळ नावानेच औषधे खरेदी करण्याची व ती तपासूनच इस्पितळांस देण्याची पद्धत घातली. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे सुरू केली. तात्पर्य, गुणवत्तेची हमी पाकिटावरील नावात नसून ती तपासणीत आहे. तपासणी ढिली असेल, तर महाग औषधही घातक; ती कडक असेल, तर स्वस्त औषधही निर्धोक.

कोठे बदल करू नये?

काही औषधांच्या बाबतीत मात्र मात्रेचा काटा फार नाजूक असतो. थोडे कमी झाले तर गुण नाही आणि थोडे अधिक झाले तर अपाय. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, थायरॉइडवरील लेव्होथायरॉक्सिन, मनोविकारावरील लिथियम, तसेच मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांची औषधे या वर्गात मोडतात. ज्या कंपनीच्या औषधावर रुग्ण स्थिरावला आहे, ते डॉक्टरांस विचारल्यावाचून बदलू नये. बदलल्यास तपासणी करून घ्यावी.

दुसरी सूचना दुकानासंबंधी. डॉक्टरने व्यापारी नाव लिहिले असल्यास, चिठ्ठीनेच मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत दुकानदारास त्याऐवजी दुसरा माल देण्याचा अधिकार कायद्याने नाही, मग घटक तोच का असेना. तेव्हा दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच नम्रपणे विनंती करावी, "डॉक्टरसाहेब, मूळ नावही लिहून द्या." अशी विनंती केल्याने कोणाचा अपमान होत नाही. चिठ्ठीवर दोन्ही नावे आली, तर रुग्णाचे काम होते आणि डॉक्टरांची शंकाही राहते त्या जागी राहते.

पाकीट कसे वाचावे?

घरातील शाळकरी मुलासही हे काम शिकविता येईल. पाकिटावर प्रथम मूळ नाव शोधावे. सप्टेंबर 2018 पासून मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या टाइपात छापणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे ते सापडणे आता अवघड नाही. एकाहून अधिक घटक असतील, तर सगळे वाचावेत. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल दडलेले असते. तापाची गोळी, सर्दीची गोळी व अंगदुखीची गोळी मिळून दिवसाकाठी ते चार ग्रॅमच्या वर गेले, तर यकृतास इजा होते. दारू पिणाऱ्यास त्याहून कमीतही होऊ शकते. मूळ नावापुढे "आय. पी." ही अक्षरे दिसतील. त्यांचा अर्थ, हे औषध भारतीय औषधसंहितेच्या कसोटीप्रमाणे केलेले आहे. या संहितेची पहिली आवृत्ती 1955 साली निघाली. त्यानंतर मिलिग्रॅमचा आकडा पाहावा, कारण मूळ नाव एक असून वजन वेगळे असू शकते. मग मुदतीची तारीख व खेपेचा क्रमांक पाहावा. गोळ्या कात्रीने कापून घेताना तारखेची बाजू कापली जाते. म्हणून ती बाजू आपल्याकडे राहील असे पाहावे.

मधुमेहाच्या रुग्णाच्या घरी आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. घाम, थरथर, भ्रम झाला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता इस्पितळ गाठावे, आणि जाताना घरातील झाडून सगळी पाकिटे बरोबर न्यावीत.

स्वस्त औषध कोठे मिळेल, हा प्रश्न उरतो. सरकारी दवाखान्यात मिळणारे औषध मोफत असते. ते प्रथम विचारावे. जनऔषधी योजनेचे पहिले दुकान 25 नोव्हेंबर 2008 रोजी अमृतसरला निघाले. 2025 च्या आरंभी देशात अशी 15,000 दुकाने झाली. तेथे किमती 50 ते 80 टक्क्यांपर्यंत कमी असतात, असे सरकार सांगते. कर्नाटक सरकारने 2025 मध्ये सरकारी इस्पितळांच्या आवारातील ही केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. इस्पितळात औषध मोफतच मिळाले पाहिजे, हे त्याचे कारण. केंद्रचालक न्यायालयात गेले व धारवाड खंडपीठाने त्यास स्थगिती दिली. आवाराबाहेरील दुकानांस तो आदेश लागू नव्हता. सरकार व न्यायालय आपले काम करोत. रुग्णाने चिठ्ठीवर मूळ नाव असल्याखेरीज तेथे जाण्यात अर्थ नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आता न्यासाच्या चालकांस व सभासदांस एक विनंती करून लेख पुरा करतो. महोत्सवानिमित्त भेटवस्तू वाटण्याचा विचार चालला आहे, असे कळते. त्याऐवजी प्रत्येक कुटुंबास एक लहानशी औषधवही द्यावी. तीत चारच रकाने असावेत: औषधाचे मूळ नाव, वजन, दिवसातून किती वेळा, आणि कोणत्या आजारासाठी. लिपी देवनागरी असो वा कन्नड. घरातील लिहित्या मुलाने किंवा सुनेने ती भरावी व रुग्ण उदगीरला जावो, सोलापूरला जावो वा हैदराबादला, वही पिशवीत असावी. न्यासाच्या औषधसाहाय्याच्या अर्जावरही मूळ नावाचा रकाना घालावा. म्हणजे दात्यांनी दिलेल्या त्याच रकमेत आज जेथे एका रुग्णाचे औषध येते, तेथे पुष्कळदा दोघा-तिघांचे येईल.

कमलनगरच्या आजी अद्याप आमच्याकडे येतात. त्यांस वाचता येत नाही. नातू सातवीत आहे. मागील खेपेस त्याने पाकीट पुढे केले आणि म्हणाला, "आजोबा, नाव बदललंय, पण आतलं तेच हाय. जुनं संपल्यावरच हे सुरू करायचं ना?" आम्ही होय म्हटले. आमच्या या लांबलेल्या लेखात जे सांगावयाचे होते, ते त्या मुलास समजले आहे. वाचकांनीही ते आपापल्या घरी नेऊन, आज रात्रीच औषधांचा डबा उघडून पाहावा, इतकीच प्रार्थना.